‘फेअर करून आण’ म्हटलं की फक्त अक्षर सुधारतं

तिसरी-चौथीच्या वर्गात कृतीलेखन घेतलं की एक अडचण हटकून येते. ‘कागदाची होडी कशी करावी’, ‘लिंबू सरबत कसं करावं’ असा साधा विषय असतो. मुलं लिहितात. आपण सांगतो, ‘पुन्हा वाच, जिथे चुकलंय तिथे सुधार आणि उद्या फेअर करून आण.’ दुसऱ्या दिवशी वही समोर येते. अक्षर टपोरं, समास आखलेला, शीर्षकाखाली दोन रंगांच्या रेघा. मजकूर मात्र कालचाच. काल जी पायरी राहिली होती ती आजही राहिलेली.

मग आपण जोड्या लावतो. एकमेकांचं वाचा, काय वाटलं ते लिहा. निम्म्या वह्यांवर ‘छान आहे’ असा शेरा येतो आणि उरलेल्या निम्म्यांवर दुसऱ्याच्या वेलांट्या खोडून ठेवलेल्या असतात. कोणाची तरी वही फाटते, कोणीतरी रडत टेबलापाशी येतं, तेवढ्यात घंटा होते.

मी भांडुपच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गात चाळीसच्या आसपास मुलं, तासिका ३५ मिनिटांची. हे सगळं आळसामुळे होतं असं मी बरीच वर्षं धरून चालले होते आणि त्यावर उपाय म्हणून आणखी एकदा लिहायला लावत होते. ते निदान चुकीचं होतं. ज्यांच्या वर्गात हेच घडतंय त्यांच्यासाठी नेमकं काय अडतं आणि मी काय बदललं ते इथे सांगते.

मुळात काय बिघडतं

होडी मुलाच्या हातात असते, कागदावर नसते. ‘मग उघडा’ एवढंच लिहिलेलं असलं तरी स्वतःचं वाक्य वाचताना त्याला ती कुठून, कशी उघडायची ते आपोआप दिसतं. गाळलेली पायरी त्याचे हात भरून काढतात. म्हणजे त्याच्या लेखी लिखाणात काहीच कमी नाही. जिथे चूक दिसत नाही तिथे तो सुधारणार काय? सर किंवा बाई काहीतरी बदलायला सांगतायत एवढं त्याला कळतं, आणि बदलण्यासारखं डोळ्यांना दिसतं ते एकच: अक्षर. त्यात आपला शब्दही ‘फेअर’. फेअर म्हणजे सुवाच्य, हे त्याने पहिलीपासून ऐकलंय.

शेजारच्या मुलाचीही तीच गत. त्यालाही होडी येते. ‘छान आहे’ हा त्याचा शेरा प्रामाणिक असतो.

म्हणून मी क्रम उलटा केला. आपण लिहिणं, सुधारणं, फेअर करणं आणि मग वाचून दाखवणं या क्रमाने जातो. कृतीलेखनात वाटून घेणं आधी यायला हवं आणि सुधारणं नंतर. ज्याला ती गोष्ट येत नाही, त्याने कागद समोर ठेवून ती करून पाहायची आणि लेखकाने ते बघायचं. गोष्ट किंवा वर्णनपर निबंध असा तपासता येत नाही. कृती येते, आणि ही सोय आपण वाया घालवतो.

होडीचा तास

जुलैत सुरुवात करायला होडी सगळ्यात चांगली. बाहेर पाऊस, शाळेच्या फाटकाशी वाहतं पाणी, खर्च एका रद्दी कागदाचा. एका मुलीने लिहिलं होतं: ‘एक कागद घ्या. तो दुमडा. मग त्याचे कोन करा. मग वर करा. मग उघडा. मग परत तसंच करा. मग ओढा. होडी तयार.’

हा कागद मी अशा मुलाला दिला ज्याला होडी येत नव्हती. लेखिका त्याच्या शेजारी उभी. तिला दोनच अटी: तोंड उघडायचं नाही आणि हात पाठीमागे ठेवायचे. हातात पेन्सिल हवी, पण ती वापरायची फक्त ठिपका द्यायला. वाचणाऱ्याचा हात जिथे थांबेल त्या शब्दावर ठिपका.

पहिला ठिपका ‘दुमडा’वरच पडला, कारण त्याने कागद उभा दुमडला. तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा त्याने आडवा दुमडून पाहिला आणि ‘कोन करा’ला कोपरे वळवले ते उघड्या बाजूचे. होडी करणाऱ्या कोणालाही माहीत आहे की कोपरे घडीच्या, म्हणजे बंद बाजूचे घ्यावे लागतात, नाहीतर पुढे सगळं सुटतं. पण हे तिला माहीत आहे याची तिलाच कल्पना नव्हती. तिचे हात पाठीमागून पुढे आले, मी पुन्हा मागे करायला लावले. ‘मग उघडा’पाशी तो पूर्ण थांबला. तिने तिथे एक नाही, चार ठिपके दिले.

त्या तासाला मी कोणालाही ‘सुधार’ म्हटलं नाही. जागेवर जाऊन तिने लिहिलं: ‘घडी वर ठेवा. उघडी बाजू पोटाकडे ठेवा. वरचे दोन्ही कोपरे मधोमध आणा. त्रिकोण दिसेल आणि खाली पट्टी उरेल.’ पुढे: ‘पट्टी पुढून वर दुमडा. कागद पालथा करा, मागची पट्टी पण वर दुमडा. टोपी होईल. टोपीच्या आत दोन्ही अंगठे घाला. एक बाजू पोटाकडे ओढा, दुसरी समोर ढकला, चौकोन होईपर्यंत.’

‘पोटाकडे’ हा शब्द मी शिकवला नव्हता. मी असते तर ‘खालच्या दिशेला’ म्हटलं असतं. बाकावर सपाट ठेवलेल्या कागदाला वर-खाली नसतं, हे तिने त्या मुलाच्या गोंधळातून ओळखलं आणि शब्द शोधला. ‘टोपी होईल’, ‘चौकोन होईपर्यंत’ हेही तिचंच. पायरी झाल्यावर काय दिसलं पाहिजे ते सांगितलं की वाचणाऱ्याला आपण बरोबर आहोत का ते कळतं. त्या दिवसापासून मी सगळ्या वर्गाला निदान दोन ठिकाणी असं ‘दिसेल’ किंवा ‘होईल’चं वाक्य घालायला सांगते.

खोडरबर आणि रंगीत पेनं बाजूला

ही पद्धत सुरू करूनही मजकूर बदलत नसेल तर आधी खोडरबर बघा. खोडरबर हातात असला की मूल ठिपका पुसतं, शब्द पुसतं, तोच शब्द जरा नीट लिहितं. मी त्या तासिकांपुरते खोडरबर डब्यात जमा करते. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची. पहिला मसुदा जपून ठेवायचा. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाची नोंद करताना तो ठिपक्यांचा कागद आणि नंतरचा कागद शेजारी ठेवले की मुलाची प्रगती आपल्यालाही दिसते आणि पालकांनाही दाखवता येते.

दुसरं, मूल नवी पायरी घालत नाही त्याचं एक कारण अगदी शारीरिक आहे. मध्ये दोन ओळी घालायच्या तर पान पुन्हा लिहावं लागतं. नऊ वर्षांच्या बोटांना ते जड जातं. म्हणून पहिला मसुदा वहीत नकोच. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या आणि एका पट्टीवर एकच पायरी लिहायची. राहिलेली पायरी आठवली की नवी पट्टी मध्ये सरकवायची. क्रम चुकला तर पट्ट्यांची अदलाबदल करायची. सगळं जमलं की मग चिकटवायचं. वहीत उतरवून काढणं हे अगदी शेवटचं काम, आणि वेळ नसेल तर ते सोडून दिलं तरी माझ्या मते काही बिघडत नाही.

‘छान आहे’ हा शेरा

वाचणाऱ्याला मत विचारायचंच नाही. त्याच्याकडून एकच वाक्य घ्यायचं: ‘मी अमुक शब्दाशी अडकलो’ किंवा ‘अडकले’. दुसऱ्याच्या कागदावर त्याने पेन टेकवायचं नाही, दुरुस्ती लेखकाच्याच हाताची. एवढ्या एका नियमाने रडारड जवळजवळ थांबली. आपल्या वेलांटीवर शेजाऱ्याने काट मारली तर मुलाला अपमान वाटतो. ‘मी इथे अडकलो’ असं कोणी म्हटलं तर मूल धावत मदतीला जातं.

चार शब्द शोधा

ठिपके पडलेली ठिकाणं वर्षानुवर्षं बघितल्यावर लक्षात आलं की ती फिरून फिरून त्याच चार गोष्टींपाशी असतात.

‘ते, तो, तिथे’. ‘ते त्याच्यात घाला’ या वाक्यात साखर पाण्यात पडते की पाणी साखरेत, कळायला मार्ग नाही. प्रत्येक सर्वनामाभोवती गोल करून त्याजागी नाम लिहायचं.

‘नीट, छान, बरोबर’. ‘नीट दुमडा’ म्हणजे कसं? ‘कडेला कड जुळवून दुमडा’ म्हणजे नीट. या शब्दावर वर्गात पंधरा मिनिटं घालवली तरी ती सत्कारणी लागतात.

‘थोडं’. याच्याबद्दल पुढे बोलते.

आणि ‘-ऊन’. मराठीत ही फार सोयीची गोष्ट आहे, म्हणूनच कृतीत ती घात करते. ‘कागद दुमडून उलटा करून कोपरे आत घेऊन पट्टी वर करा.’ हे एक वाक्य दिसतं, कामं चार आहेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कामात काही चुकलं तर थांबून बघायला जागाच नाही. माझा वर्ग ‘-ऊन’खाली रेघ मारतो. एका वाक्यात दोन रेघा आल्या की वाक्य तोडायचं.

दादरला उतरण्याची कृती

विषयाबद्दल बोलायला हवं. विषय मुलाच्या हातातला नसेल तर वरचं काहीही उपयोगी पडत नाही. ‘केक कसा करावा’ दिला तर घरातल्या मोबाइलवरचा व्हिडिओ उतरून येतो, सुरुवातीला ‘हॅलो फ्रेंड्स’सकट. मग त्यात सुधारणा होत नाही, कारण ठिपका पडला तरी उत्तर मुलाकडे नसतं. ज्याच्या घरी आईने लिहून दिलंय त्याचंही तसंच. मी विचारते, ‘या आठवड्यात तू स्वतःच्या हाताने काय केलंस?’ आमच्याकडे उत्तरं येतात ती अशी: नळाला पाणी आल्यावर पिंप भरलं, लहान भावाचे बूट बांधले, सायकलची उतरलेली चेन बसवली, पतंगाला कन्नी बांधली, एकटीने बस पकडली. बसवरून आठवलं: बेस्टच्या बसच्या पुढच्या पाटीवर नंबर बहुतेकदा देवनागरी आकड्यांत असतो. इंग्रजी माध्यमातल्या चुलत बहिणीला बस कशी पकडायची ते लिहिताना एका मुलाने नऊच्या नऊ आकडे काढून खाली शून्य जोडलं होतं. आपला वाचक कोण आहे हे त्याला नेमकं कळलं होतं.

माझा सगळ्यात आवडता कागद मात्र लोकलचा. गावाहून येणाऱ्या मामेभावासाठी लिहिलेला, ‘भांडुपहून दादरला कसं जावं’. पहिल्या मसुद्यात चार ओळी: ‘तिकीट काढा. स्लो गाडीत चढा. दादर आलं की उतरा. दादर मोठं स्टेशन आहे.’

वर्गात बाकांचा डबा केला. दारात दहा-बारा मुलं उभी केली, मामेभाऊ म्हणून एकाला खिडकीशी बसवलं. एका मुलीने स्टेशनं म्हटली: कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा, दादर. मामेभाऊ कागदात लिहिल्याप्रमाणे दादर आल्यावर उठला. दारापर्यंत पोहोचेतो गाडी सुटली होती. लेखक बघत होता, हात मागे. मुंबईत वाढलेल्या मुलाला ‘दादर आलं की उतरा’ हे वाक्य खोटं आहे हे अंगाने माहीत असतं. ते त्याला शब्दांत दिसलं तेव्हा पहिल्यांदा.

दुसऱ्या मसुद्यातला तुकडा असा: ‘सायन गेलं की उठा. पुढच्याला विचारा, दादर उतरणार का? हो म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा. नाही म्हणाला तर त्याच्या पुढे जा. माटुंग्याला दाराजवळ या, पण दाराच्या बाहेर डोकं काढू नका. पुढील स्टेशन दादर असं ऐकू येईल. गाडी पूर्ण थांबली की उतरा.’

अडचण कशी टाळायची हेही त्यात आलं, धोक्याची सूचनाही आली, आणि ‘नाही म्हणाला तर’ असा फाटाही. हे तीन भाग पाठ्यपुस्तकी शीर्षकांनी शिकवायला गेले असते तर एक आठवडा लागला असता. बाकांचा डबा करायला एक तासिका लागली. शेजारच्या वर्गाला आवाजाचा त्रास होतो, त्यांना आधी सांगून ठेवा.

‘थोडं मीठ’

स्वयंपाकाच्या कृतीत ‘चवीपुरतं मीठ’ चालतं आणि आपल्या घरात ते चालतच आलंय. मुलांना मात्र माप का लिहायचं ते पटत नाही. लिंबू सरबताने पटतं थोडंफार, पण मी जलसंजीवनी घेते. जुलाब झाल्यावर घरी द्यायचं हे पाणी: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. इथे ‘थोडं मीठ’ लिहून भागत नाही. मीठ जास्त पडलं तर आजारी बाळाला ते अपाय करतं. ‘सपाट’ हा शब्द किती महत्त्वाचा आहे हे दाखवायला मी एक शिगोशीग चमचा आणि एक सपाट चमचा साखर शेजारी दोन कागदांवर ओतते. ढिगांतला फरक बघितला की वर्ग गप्प होतो. त्यानंतर ‘थोडं’ शोधायला सांगावं लागत नाही, मुलं आपण होऊन खोडतात. मग फुटपट्टीची मापंही येतात, ‘बोटभर’ आणि ‘वीतभर’ही येतात. बोटभर चालू द्या. मापाला आधार असला की पुरे.

क्रियापद एकसारखं राहत नाही

ही तक्रार इतर शिक्षकांकडूनही ऐकते. पहिलं वाक्य ‘मी कागद घेतला’, दुसरं ‘मग तो दुमडायचा’, तिसरं ‘कोपरे आत घ्यावेत’, चौथं ‘वर करा’. मुलांना आपण ‘एकसारखं लिहा’ म्हणतो आणि ती ‘करावे’ची वाट धरतात, कारण मोठ्यांच्या पाककृतीत तसं असतं.

लहान वर्गात ‘करावे’ टाळा. विध्यर्थी क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं: कांदा चिरावा, घडी घालावी, लिंबू पिळावे, कोपरे दुमडावेत. ज्या मुलांच्या घरी हिंदी, मालवणी किंवा आणखी काही बोलतात त्यांचं सगळं लक्ष त्या शेपटाकडे जातं आणि पायरी राहून जाते. आज्ञार्थाला ही कटकट नाही. चिरा, घाला, पिळा, दुमडा; लिंग कुठलंही असो, रूप तेच. तेव्हा चौथीपर्यंत ‘करा’. तपासायचं कसं? प्रत्येक पट्टीचा शेवटचा शब्दच तेवढा मोठ्याने वाचायला सांगा. घ्या, ठेवा, आणा, दुमडला… कान लगेच पकडतो.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी

आणि एका वेळी एकच नियम. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले तेव्हा ते १४ होते, १९७२ मध्ये ४ वाढले. अठरा नियम एका कागदावर तपासायला नऊ वर्षांच्या मुलाला बसवणं हा अन्याय आहे. कृतीलेखनाला लागणारे मुख्यतः दोन.

पहिला ‘-ऊन’चा. करून, कापून, दुमडून, सगळे दीर्घ. दुकानांच्या पाट्यांवर ‘करुन’ दिसतं, म्हणून मुलांची नजर तिथे फसते. ‘देऊन, घेऊन, ठेवून’ मोठ्याने म्हणायला लावते आणि मग ‘करून’. एरवी रेघ मारून शोधलेले ‘-ऊन’ समोर असतातच, त्यावरच हा नियम बसतो.

दुसरा स्वयंपाकघराचा: मीठ पण मिठात, दूध पण दुधात, पीठ पण पिठात, फूल पण फुलाला. प्रत्यय लागला की मधला दीर्घ ऱ्हस्व होतो. चार उदाहरणं फळ्यावर, बाकी मुलं शोधतात.

‘आणि’मधली णि ऱ्हस्व असते हे जाता जाता सांगते, कारण ‘शब्दाच्या शेवटी दीर्घ’ हे नीट शिकलेलं मूलच ‘आणी’ लिहितं. त्याला रागवू नये.

वाचून दाखवताना कोणी ऐकत नाही

चाळीस मुलांनी एकामागून एक उभं राहून होडीची कृती वाचली तर पाचव्याला वर्ग हातातून जातो, आणि त्यात मुलांचा दोष नाही. मी वाचन बंद केलं. परिपाठात एक मूल वाचतं आणि तिघं समोर बसून करतात. बाकीच्यांचे डोळे त्या तीन जोड्या हातांवर असतात, शाळाभर शांतता असते.

पक्के झालेले कागद भिंतीवर लावायचे तर सगळे लावा. निवडक पाच लावले की पुढच्या वेळी उरलेले पस्तीस जण आधीच हात टेकतात. भिंतीपेक्षाही चांगला मार्ग म्हणजे कागद दुसरीच्या वर्गात पाठवणं. त्या मुलांना खरोखरच होडी येत नसते, कंदील येत नसतो. त्यांच्या बाईंशी आधी बोलून एक तासिका मागून घ्यायची. केलेली वस्तू कागदाला टाचून परत येते, कुठे अडलं त्या शब्दावर ठिपक्यासह.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायचा मोह होतो. मी नाव झाकते, मुलाचा चेहरा घेत नाही, आणि एकदम सगळे टाकते. एकदा एकट्याचाच टाकला होता. संध्याकाळपर्यंत खाली शाबासक्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी तीन मुलं कागद आणायचा ‘विसरली’. शक्यतो मी फोटोऐवजी कागद घरी पाठवते: घरातल्या कोणीतरी मोठ्याने तो वाचून तसंच करायचं, लेखकाने हात पाठीमागे ठेवायचे. कामावरून रात्री आठला येणाऱ्या वडिलांनी बसून होडी केली असं सांगत मुलं येतात, आणि ‘बाबा कुठे अडकले’ तो ठिपका दाखवतात.

वेळेचं गणित मांडून ठेवते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. पट्ट्यांवर लिहिणं एक तासिका. करून पाहणं आणि ठिपके एक, पण जोड्या दोनदा बदलायला हव्यात, तेव्हा दीड धरा. सुधारणा एक. शुद्धलेखन अर्धी. वर्षातून असे तीन कागद होतात: पावसाळ्यात होडी, दिवाळीच्या सुट्टीआधी कंदील, संक्रांतीला पतंगाची कन्नी. ज्या मुलाला लिहिणंच जड जातं त्याला मी बोलू देते आणि शेजारचं मूल पट्ट्यांवर उतरवतं, शब्द त्याचेच. ठिपके द्यायला मात्र तो स्वतः उभा राहतो. गेल्या वर्षी कन्नीचे सगळ्यात नेमके ठिपके अशाच एका मुलाने दिले. दोन भोकांमधलं अंतर ‘चार बोटं’ हे त्यानेच घातलं आणि दोरा कुठून ओवायचा त्याची पट्टी तीनदा बदलून घेतली.